पुनःप्रेक्षण आणि क्षमा : ‘बॅबिलॉन ५’मधील एका मैत्रीचा घाट

१

ज्ञात कथेचे पुनःपुन्हा ग्रहण करणे ही भारतीय वाङ्मयीन परंपरेत कधीच अपवादात्मक बाब नव्हती. कीर्तनातील आख्यान ऐकणाऱ्याला त्याचा शेवट आधीपासून ठाऊक असतो; किंबहुना तो ठाऊक असणे हीच रसास्वादाची पूर्वअट असते. मराठीत दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७) या ग्रंथांनी परिचित व्यक्तिरेखांकडे दुसऱ्यांदा पाहण्याची जी रीत रुजवली, तिचा आधारही हाच आहे. दूरचित्रवाणी मालिकेची प्रकृती मात्र दीर्घकाळ निराळी राहिली. अमेरिकेत मालिकांचे पुनःप्रसारण होत असे. पण कोणताही भाग कोणत्याही क्रमाने पाहिला तरी काही बिघडू नये, अशा बेतानेच त्या रचल्या जात. चित्रफिती, मग डीव्हीडी आणि आता इंटरनेटवरील प्रक्षेपण यांमुळे संपूर्ण मालिका ही एक सलग संहिता म्हणून हाती आली, आणि ‘पुनःप्रेक्षण’ हा समीक्षेचा विषय होऊ शकला.

विज्ञानकथेच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. डार्को सुविन यांनी १९७९मध्ये विज्ञानकथेची जी मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी ‘नवतत्त्व’ आहे : वाचकाच्या परिचित जगात नसलेली, परंतु तर्काने स्वीकारता येणारी एखादी नवी गोष्ट. परग्रह, परकीय वंश, अपरिचित तंत्रज्ञान ही त्या नवतत्त्वाची रूपे होत. पण दुसऱ्या प्रेक्षणात नवतत्त्व नवे राहत नाही. रहस्य उलगडलेले असते, शत्रू कोण ते कळलेले असते, आणि एके काळी थक्क करणारी संगणकनिर्मित दृश्ये जुनी वाटू लागलेली असतात. तरीही प्रेक्षक काही मोजक्या मालिकांकडे परततो. तो कशासाठी परततो, या प्रश्नाला ‘आवडत्या पात्रांच्या सहवासासाठी’ हे उत्तर सहज दिले जाते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. सहवासाची ओढ आणि नैतिक निवाडा यांचे नाते काय, हा त्यातला खरा प्रश्न आहे. जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांच्या ‘बॅबिलॉन ५’ या अमेरिकी मालिकेतील लोंडो मोलारी आणि जकार यांच्या संबंधाच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

२

‘बॅबिलॉन ५’चा प्रास्ताविक चित्रपट १९९३मध्ये आणि पुढील पाच पर्वे १९९४ ते १९९८ या काळात प्रक्षेपित झाली. एकूण ११० भागांपैकी ९२ भाग स्ट्राझिन्स्की यांनी स्वतः लिहिले. पाच वर्षांची एक सलग कादंबरी म्हणून तिची आखणी झाली होती. आरंभ, मध्य आणि अंत असलेले असे दीर्घ कथानक त्या काळच्या अमेरिकी विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणीत जवळजवळ नव्हते.

कथेचे स्थळ म्हणजे तेविसाव्या शतकातील एक अंतराळस्थानक. निरनिराळ्या वंशांच्या राजदूतांनी युद्ध टाळण्यासाठी तेथे एकत्र यावे, अशी योजना आहे. त्यांपैकी लोंडो मोलारी हा सेंटॉरी या उतरणीला लागलेल्या साम्राज्याचा राजदूत. मद्य, जुगार आणि गतवैभवाच्या आठवणी यांत तो बुडालेला आहे. जकार हा नार्न वंशाचा राजदूत. सेंटॉरींनी नार्नांना गुलाम केले होते. प्रतिकार करून नार्न स्वतंत्र झाले, आणि आता सूड हेच त्यांचे राजकारण आहे. पीटर जुरासिक आणि अँड्रिआस कात्सुलास या नटांनी या भूमिका केल्या. कात्सुलास यांचा चेहरा पूर्णतः कृत्रिम त्वचेखाली झाकलेला, डोळे तांबडे. तरी त्यांच्या आवाजातील चढउतारांनी त्या मुखवट्याला माणूसपण दिले.

१९९४च्या जानेवारीत प्रक्षेपित झालेल्या पहिल्याच भागात लोंडो स्थानकाचा प्रमुख सिंक्लेअर याला आपले एक स्वप्न सांगतो. त्याच्या वंशातील काहींना स्वतःचा मृत्यू स्वप्नात दिसतो. वीस वर्षांनंतर आपण वृद्ध असू, आपले हात कुणाच्या तरी गळ्याभोवती आणि त्याचे हात आपल्या गळ्याभोवती असतील, आणि दोघेही एकमेकांचा जीव घेऊन मरू, असे ते स्वप्न आहे. जकारला प्रथम पाहताच तो माणूस हाच, हे त्याने ओळखले होते. कथनमीमांसेच्या परिभाषेत हे ‘पूर्वकथन’ होय; झेरार जनेत यांनी कथनातील काळाच्या क्रमाचा विचार करताना या युक्तीचे सविस्तर विवेचन केले आहे. पण नेहमीच्या पूर्वकथनाहून येथे एक फरक आहे. प्रेक्षकाला घटना सांगितली जाते, तिचा अर्थ मात्र सांगितला जात नाही. आणि प्रेक्षक तो अर्थ लगेच स्वतः पुरवतो. दोन शत्रू एकमेकांचा गळा दाबत असतील, तर ते शत्रुत्वाने, याबद्दल त्याला शंका येत नाही.

दोन वर्षांहून अधिक काळानंतर, १९९६च्या मे महिन्यात, ‘वॉर विदाउट एंड’ या दोन भागांच्या कथेत ते दृश्य प्रत्यक्ष येते. लोंडो आता सम्राट आहे, पण त्याच्या देहाला चिकटलेला ‘कीपर’ नावाचा परजीवी त्याच्या प्रत्येक हालचालीवर ताबा ठेवतो. मद्याने कीपरला गुंगी येते, तेवढ्या अवकाशात लोंडो कैद्यांना पळून जाण्याची संधी देतो. मग एक डोळा गमावलेला, वृद्ध जकार समोर येतो. लोंडो त्याला जुना मित्र म्हणून हाक मारतो आणि आपल्याला मारून टाकण्याची विनंती करतो. जकार ती मान्य करतो. मरताना कीपर जागा होतो, लोंडोचे हात त्याच्या इच्छेविरुद्ध जकारच्या गळ्याकडे जातात, आणि स्वप्न जसेच्या तसे खरे ठरते. त्यातला एकही तपशील बदललेला नाही. बदललेली आहे ती फक्त त्या हातांमागची भावना. जो खून वाटला होता, ते मैत्रीचे शेवटचे कर्तव्य होते.

या मैत्रीचा घाट येथेच स्पष्ट होतो. मालिकेने प्रेक्षकाला फसवलेले नाही. त्याच्या घाईच्या अर्थनिर्णयाला केवळ उघडे पाडले आहे. आणि हा अर्थनिर्णय दुरुस्त करायचा, तर मागे जाणे अपरिहार्य ठरते. जे पुन्हा वाचत नाहीत त्यांना सर्वत्र तीच एक कथा वाचावी लागते, अशा आशयाचे विधान रोलां बार्थ यांनी ‘एस/झेड’मध्ये (१९७०) केले आहे. येथे त्याचा शब्दशः प्रत्यय येतो. एकदाच पाहणाऱ्याच्या हाती उरते ती वैर आणि समेट ही परिचित कथा. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला मात्र पहिल्या भागातील लोंडोच्या आवाजात मृत्यूच्या भीतीबरोबरच, त्याला स्वतःलाही अज्ञात असलेले एक आश्वासनही ऐकू येते : शेवटी तो एकटा मरणार नाही.

३

‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेशी (१९६६–६९) तुलना केल्यास हा विशेष अधिक उठून दिसतो. कर्क, स्पॉक आणि मकॉय यांचे सख्य हे विज्ञानकथेतील मैत्रीचे बहुधा सर्वांत लोकप्रिय उदाहरण. तेथे मैत्री गृहीत आहे. ती घडताना दिसत नाही, प्रसंगाप्रसंगाने सिद्ध होते एवढेच. ‘अमोक टाइम’ (१९६७) या भागात आपल्या हातून कर्क मारला गेला असे समजणारा स्पॉक, त्याला जिवंत पाहताच क्षणभर आपला संयम विसरून हसतो. ते हसू अविस्मरणीय आहे. पण पुढच्या भागावर त्याचा मागमूस नाही. अशा मालिकेचे पुनःप्रेक्षण म्हणजे ओळखीच्या घरी परतणे. त्यात सुख आहे, पण निवाड्याला वाव नाही. कारण त्या घरात काही भरून न येणारे असे घडलेलेच नसते.

लोंडो आणि जकार यांच्याबाबत जे घडते ते भरून येणारे नाही. ते कसे घडते, हे तीन प्रसंगांत येणाऱ्या मद्याच्या पेल्यांवरून पाहता येते.

पहिला प्रसंग ‘द कमिंग ऑफ शॅडोज’ (१९९५) या भागातील. या भागाला १९९६चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. वृद्ध सेंटॉरी सम्राट स्थानकाला भेट देतो. जकार त्याची हत्या करण्याच्या तयारीने शस्त्र लपवून निघतो. पण सम्राट त्याआधीच कोसळतो. आपण नार्नांची क्षमा मागण्यासाठी आलो होतो, असा निरोप सम्राट डॉक्टरकरवी जकारला पाठवतो. हत्येसाठी निघालेला जकार तेवढ्या एका निरोपाने बदलतो. तो मद्यालयात लोंडोला गाठतो, त्याच्यासाठी मद्य मागवतो आणि सम्राटाच्या नावे पेला उंचावतो. त्या क्षणी लोंडोला ठाऊक आहे, आणि प्रेक्षकालाही ठाऊक आहे, की लोंडोच्याच सांगण्यावरून एका नार्न वसाहतीवर हल्ला झालेला आहे.

पहिल्या प्रेक्षणात या प्रसंगाचा परिणाम नाट्यगत उपरोधाचा होतो. दुसऱ्या प्रेक्षणात लक्ष जकारच्या अज्ञानावरून लोंडोच्या चेहऱ्यावर जाते. जुरासिक येथे जवळजवळ काहीच करत नाहीत. समोरच्याचे औदार्य स्वीकारावे लागणाऱ्या अपराध्याचे अवघडलेपण तेवढे दिसते. याआधी, ‘साइन्स अँड पोर्टेंट्स’ (१९९४) या भागात, मॉर्डन नावाच्या आगंतुकाने राजदूतांना एकच प्रश्न विचारला होता : तुम्हाला काय हवे आहे? जकारने सेंटॉरींचा सूड मागितला, पण त्यापलीकडे काय, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. आपले जन्मजग सुरक्षित असले की पुरे, एवढेच तो म्हणाला. लोंडोने साम्राज्याचे गतवैभव मागितले, आणि ते मागणे मान्य झाले. मद्यालयातील पेला हे त्या मागण्याचे पहिले बिल आहे. लोंडोला मैत्रीचा हात पुढे आलेला दिसतो तो नेमका तो हात धरण्याचा अधिकार त्याने गमावल्यानंतर.

दुसरा पेला चौथ्या पर्वात, ‘नो सरेंडर, नो रिट्रीट’ (१९९७) या भागात येतो. दरम्यान नार्नांचे जन्मजग उद्ध्वस्त झाले आहे. वेड्या सम्राट कार्टाजियाच्या दरबारात जकारला फटके बसले आहेत, त्याचा डोळा काढला गेला आहे. आणि नार्नांच्या मुक्ततेच्या वचनाच्या बदल्यात त्याने लोंडोला कार्टाजियाच्या अंतासाठी मदत केली आहे. आता लोंडो मद्य घेऊन जकारकडे येतो आणि एका संयुक्त निवेदनावर सही करण्याची विनंती करतो. जकार बराच वेळ मौन पाळतो. अखेरीस तो सहीला होकार देतो, पण त्याच पानावर नव्हे. अ‍ॅरिस्टॉटलने ‘निकोमॅखियन एथिक्स’मध्ये उपयुक्ततेवर, सुखावर आणि सद्गुणावर आधारलेल्या अशा तीन प्रकारच्या मैत्री सांगितल्या आहेत. कार्टाजियाविरुद्धचा करार ही उपयुक्ततेची मैत्री. दोन वेगळ्या पानांवरील सही हा तिच्यापुढचा टप्पा आहे, आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या वर्गीकरणात त्याला नेमकी जागा नाही. हेतू एक, अंतर कायम, आणि त्या अंतराचा दोघांकडून आदर.

तिसरा पेला म्हणजे सम्राट लोंडोचे शेवटचे मद्य. पहिल्या पर्वात जी सवय विनोदाचा विषय होती, तीच अखेरीस त्याच्या स्वातंत्र्याचे एकमेव साधन होते. तीन पेल्यांचा हा क्रम एकाच बैठकीत लक्षात येणारा नाही. तो लेखकाने सुरुवातीपासून योजला होता काय, हा प्रश्नही गौण आहे. निर्मितीच्या ओघात या मालिकेत अनेक बदल झाले. मध्यवर्ती नायकही दुसऱ्या पर्वात बदलला. पुनःप्रेक्षणात अर्थ निर्माण होतो तो संहितेतील घटकांच्या परस्परसंबंधातून, आणि हे संबंध संहितेत आहेत.

४

या मैत्रीची कसोटी क्षमेच्या प्रश्नाशी लागते. मालिकेने हा प्रश्न उद्वाहकातील दोन प्रसंगांतून मांडला आहे.

पहिला प्रसंग ‘कम्स द इन्क्विझिटर’ (१९९५)मधला. लोंडोचा सहायक व्हीर हा सरळ मनाचा, भित्रा पण सद्सद्विवेक शाबूत असलेला तरुण. उद्वाहकात जकारची गाठ पडताच तो घडलेल्या संहाराबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. जकार सुरीने आपला तळवा कापतो. रक्ताचा एकेक थेंब खाली पडत असताना तो प्रत्येक थेंबासाठी एक मृत नार्न मोजतो, आणि यांची माफी कशी मागणार, असे विचारतो. व्हीरजवळ उत्तर नाही. तर मग क्षमाही करता येणार नाही, असे जकार सांगतो. क्षमा करण्याचा अधिकार ज्यांना होता ते उरलेले नाहीत, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड आहे.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीच्या ‘कन्व्हिक्शन्स’मधला. स्फोटानंतर लोंडो आणि जकार उद्वाहकात अडकतात; आग जवळ येत असते. एका सेंटॉरीच्या हत्येबद्दल ५०० नार्नांना ठार करण्याचा दंडक असल्याने जकार लोंडोला मारू शकत नाही. पण त्याला मरताना पाहू शकतो. म्हणून तो मदत करण्याचे नाकारतो आणि बसून हसत राहतो. पहिल्या प्रेक्षणात हा कडवट विनोदाचा भाग वाटतो. शेवट ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला मात्र येथे त्या स्वप्नाचे उलटे प्रतिबिंब दिसते. उद्वाहकात जकार लोंडोला हात न लावता, द्वेषाने मरू देऊ पाहतो. शेवटी तो त्याला स्वतःच्या हातांनी, करुणेने मारतो. बंदिस्त जागा, दोन देह आणि जवळ येणारा मृत्यू हे घटक तेच आहेत.

या दोन टोकांमधला प्रवास पाचव्या पर्वात पूर्ण होतो. या पर्वाचा पूर्वार्ध मालिकेचा सर्वांत दुबळा भाग आहे, हे मान्य केले पाहिजे. पाचवे पर्व होईल की नाही याची खात्री नसल्याने मुख्य कथानक चौथ्या पर्वातच घाईने आटोपले गेले, आणि नंतर आलेली टेलिपाथांच्या वसाहतीची कथा रेंगाळत राहिली. परंतु या पोकळीतच ‘द व्हेरी लाँग नाइट ऑफ लोंडो मोलारी’ (१९९८) हा भाग येतो. हृदयविकाराने कोसळलेल्या लोंडोला स्वप्नात कळते, की जकारला फटके बसत असताना आपण मूक उभे होतो, त्याबद्दल माफी मागितल्याशिवाय सुटका नाही. येथे जन्मजगाच्या विध्वंसाऐवजी एका माणसासमोरचे मौन हा अपराध म्हणून निवडला आहे. ही निवड लहान वाटते. पण क्षमा मागता येईल असा तो एकच अपराध आहे, कारण त्याचा बळी जिवंत आहे. त्याच वर्षीच्या ‘द फॉल ऑफ सेंटॉरी प्राइम’मध्ये निरोप घेताना जकार त्याला सांगतो, की नार्न कधीही सेंटॉरींना क्षमा करू शकणार नाहीत, पण आपण स्वतः लोंडोला क्षमा करू शकतो.

हाना आरेंट यांनी ‘द ह्यूमन कंडिशन’मध्ये (१९५८) क्षमेकडे कृतीच्या अपरिवर्तनीयतेवरील उपाय म्हणून पाहिले आहे. केलेले न-केलेले होत नाही. क्षमा घडून गेलेले पुसत नाही, पण त्याच्या परिणामात कायमचे अडकून पडण्यापासून माणसाला सोडवते. पुनःप्रेक्षणाची रचना याच्याशी विलक्षण जुळते. दुसऱ्यांदा पाहणारा प्रेक्षक एकही घटना बदलू शकत नाही. मद्यालयात पेला उंचावला जाणारच आहे, हल्ला झालेलाच आहे. त्याच्या हाती उरते ते घडलेल्याकडे शेवटाच्या ज्ञानासह पाहणे. जकारही हेच करतो. शेवटी लोंडोकडे पाहताना तो पहिला लोंडो विसरलेला नसतो.

५

पण या साम्यातच एक धोका आहे. जकारच्या क्षमेची किंमत त्याने मोजलेली आहे; प्रेक्षकाने काहीच मोजलेले नाही. वारंवार पाहून लोंडो प्रिय होतो : त्याचा विनोद, त्याचे उच्चार, त्याचे एकाकीपण. आणि प्रिय माणसाचा अपराध सौम्य वाटू लागतो. ‘द लाँग, ट्वायलाइट स्ट्रगल’ (१९९५)मध्ये नार्नांच्या जन्मजगावर उल्कापिंडांचा भडिमार होतो तेव्हा लोंडो जहाजाच्या खिडकीपाशी उभा राहून तो पाहतो. कॅमेरा त्याचा चेहरा दाखवतो. खाली मरणारे दिसत नाहीत. हे चित्रण प्रभावी आहे, आणि त्याचमुळे त्याची मर्यादा नोंदवली पाहिजे. संहारकर्त्याला चेहरा आहे, मृतांना नाही. पुनःप्रेक्षण हे दाखवलेल्या चेहऱ्यांशीच जवळीक वाढवते. जे दाखवलेच गेले नाहीत ते दहाव्यांदा पाहूनही अदृश्यच राहतात. मालिकेच्या पक्षपाताला प्रेक्षकाचे प्रेम असे नकळत दुजोरा देते.

मालिकेच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की हा धोका तिने ओळखलेला आहे. उद्वाहकातील रक्ताचे थेंब ही त्या अदृश्य मृतांची एकमेव मोजदाद आहे, आणि निरोपाच्या वेळी जकार काढतो ती वैयक्तिक आणि सामूहिक क्षमेमधली रेषा त्या मोजदादीशी प्रामाणिक आहे. तो नार्नांच्या वतीने क्षमा करत नाही. दोन प्रसंग एकत्र वाचले, तर नंतरची क्षमा आधीचा नकार मागे घेत नाही. त्याला वळसा घालून ती उभी राहते. मैत्री झाली म्हणून हिशेब मिटला असे मालिका म्हणत नाही, आणि हिशेब मिटला नाही म्हणून मैत्री अशक्य होती असेही म्हणत नाही. वैराची गोड सांगता करणाऱ्या असंख्य कथांपासून ही कथा वेगळी ठरते ती या दुहेरी प्रामाणिकपणामुळे.

महाभारतातील द्रोण आणि द्रुपद यांची कथा या संदर्भात आठवावी अशी आहे. तेथे बालपणीची मैत्री सत्तेच्या विषमतेवर फुटते आणि वैर पुढच्या पिढीपर्यंत जाते. जुने सख्य आठवणे हेच तेथे अपमानाचे निमित्त होते. लोंडो आणि जकार यांचा प्रवास याच्या उलट दिशेने आहे, पण दोन्ही कथांचे गृहीत एकच आहे. मैत्री ही इतिहासाबाहेरची खासगी भावना नसते. सिंहासने, सैन्ये आणि मृतांच्या संख्या तिच्यात शिरलेल्या असतात.

‘बॅबिलॉन ५’ची पुनःसंस्कारित आवृत्ती २०२१मध्ये उपलब्ध झाली. चित्र स्वच्छ झाले असले, तरी नव्वदच्या दशकातील संगणकनिर्मित जहाजांचे वय लपत नाही. कात्सुलास २००६मध्ये निवर्तले. दुसऱ्यांदा पाहणाऱ्यासमोर आता केवळ ज्ञात कथा नाही, तर निघून गेलेला नटही आहे. तरीही मद्यालयातील त्या प्रसंगात जकार पेला उंचावतो तेव्हा प्रेक्षकाचे लक्ष लोंडोच्या हाताकडे जाते. तो पेला तो घेणार आहे, हे ठाऊक असते. तो घेण्यास तो पात्र नाही, हेही ठाऊक असते. या दोन जाणिवांपैकी एकीलाही न सोडता तो प्रसंग पाहता येणे, ही पुनःप्रेक्षकाची खरी कसोटी आहे.